नववी ब, निरंक

एप्रिलमधली वार्षिक परीक्षा आली की माझी चिडचिड सुरू होते. घरात सगळ्यांना ते पाठ आहे. नवरा म्हणतो, "परीक्षा पोरांची आणि ताप हिला." त्याला वाटतं उन्हानं होतं. ऊन असतंच म्हणा. अंबरनाथच्या आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर पत्रे आहेत. अकरानंतर ते तापायला लागतात. वारा पडला की एमआयडीसीकडून तो ओळखीचा उग्र वास येतो आणि साठ मुलांचा घाम, शाई आणि दप्तरातल्या डब्यांचा वास यांत मिसळून वर्गातच मुक्काम करतो. पंखा आवाज भरपूर करतो, वाऱ्याच्या नावानं बोंब. पण मी चिडते ती यामुळे नाही.

मी चिडते ती पर्यवेक्षण करताना. बाकीचे शिक्षक कॉपी कोण करतंय ते बघतात. मी बघते की प्रश्नपत्रिका हातात आल्यावर कोण ती वाचत नाही. साठ माना खाली जातात, आणि दोन-तीन मुलं तशीच बसून राहतात. कागद समोर धरलेला असतो, डोळे मात्र शेजारच्यावर असतात. शेजाऱ्यानं पान उलटलं की तीही उलटतात. कुणी पेनाचं टोपण चावतं, कुणी तिसऱ्यांदा पाणी प्यायला जाऊ का विचारतं. ही मुलं माझ्या वर्गात नेहमीच असणार. पण मला ती दिसायला लागली तीन वर्षांपूर्वीच्या एका मार्चनंतर. त्याआधी वीस वर्षं मी शिकवत होते आणि मला ती आळशी वाटत होती.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही, राग त्याचाच आहे. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक मानसशास्त्र होतं. मूल कसं वाढतं, कसं शिकतं, काही मुलांना शिकणं जड का जातं, सगळं होतं. शिकण्याच्या उपपत्ती आम्ही मैत्रिणींनी जनावरांवरून लक्षात ठेवल्या होत्या. घंटेचा कुत्रा, पेटीतली मांजर, कळ दाबणारं कबूतर आणि काठीला काठी जोडून केळी काढणारं माकड. परीक्षेत चारही जनावरं हमखास यायची. मूल कुठे आलेलं मला आठवत नाही. 'अध्ययन अक्षमता : प्रकार, लक्षणे व शिक्षकाची भूमिका' हा प्रश्न मला आला होता. मी तीन पानं लिहिली होती, लाल पेनानं अधोरेखित करून. मराठी शिकवणाऱ्या बाईचं अक्षर चांगलंच असतं, त्यामुळे गुणही चांगले पडले.

त्या नोट्स माझ्याकडे अजून आहेत. एका पावसाळ्यात मांजर्लीत आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं, तेव्हा गाद्या गेल्या, फ्रिज गेला, पण नोट्सची पेटी मी माळ्यावर चढवली होती. तरी दमट झाल्या म्हणून दोरीवर एकेक पान वाळत घातलं. खाली उल्हास नदीचा गाळ, वर माझी मानसशास्त्राची पानं. शेजारची काकू म्हणाली, "अगो, किती जपतेस विद्येला!" मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की माझंच मला हसू येतं, आणि ते चांगलं हसू नसतं.

सानिका माझ्याकडे नववी ब मध्ये आली. दोन वेण्या, कपाळावर घामानं पुसट झालेली टिकली, आणि बोटांची टोकं कायम निळी. मला वाटायचं शाईची निळी आहेत. तिच्या वह्या बघून मात्र प्रश्न पडायचा, की एवढी शाई ही घालवते कुठे? पान अर्धं कोरं. लिहिलेलं असेल त्यात शब्द एकमेकांच्या अंगावर पडलेले, काने-मात्रे वाट चुकलेले. आमच्या शाळेत चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची पद्धत आहे. माझ्या गुरुजींनी माझ्याकडून लिहून घेतले, मी हिच्याकडून घेत होते. ती दहा वेळा लिहून आणायची. दहाही वेळा चुकलेला. मी वही तिच्यापुढे टाकून म्हणायचे, "पालथ्या घड्यावर पाणी!" वर्ग हसायचा. सानिकाही हसायची, थोडी उशिरानं.

एकदा मी तिला धडा वाचायला उभी केली. ती घडाघडा वाचायला लागली, आवाजात चढउतार, स्वल्पविरामाला थांबणं, सगळं नीट. मी खूश होऊन बाकाजवळ गेले तर तिचं पुस्तक भलत्याच पानावर उघडलेलं. ती वाचत नव्हती. आदल्या दिवशी मी वर्गात वाचलेला धडा माझ्याच चालीत म्हणून दाखवत होती. दीड पान, एकदा ऐकून! एखादी शहाणी बाई असती तर तिथेच थबकली असती. मी म्हटलं, "वाचतेस की कीर्तन करतेस गं?" पुन्हा वर्ग हसला. त्या वर्षी ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये चार वेळा तरी रंगवून सांगितली असेल.

आता त्या कागदाबद्दल सांगायला हवं. दर जुलैमध्ये वरून एक तक्ता येतो. वर्ग, पट आणि पुढे रकाने: दृष्टिदोष, श्रवणदोष, अस्थिव्यंग, आणि शेवटचा अध्ययन अक्षमता. प्रत्येक रकान्यात आपल्या वर्गातल्या मुलांची संख्या भरायची आणि खाली वर्गशिक्षकानं सही करायची. कुणीच नसेल तर शून्य लिहीत नाहीत, 'निरंक' लिहितात. सरकारी कागदावर शून्य फार उघडं वाटत असावं.

आमचे क्लार्क म्हात्रेभाऊ जवळच्याच गावचे. खारीक-खोबऱ्याच्या दुकानदारासारखे सदा पुड्या बांधत बसलेले, फक्त यांच्या पुड्या फायलींच्या. माणूस मनानं चांगला. त्यांनीच मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शहाणपण शिकवलं होतं. "मॅडम, आकडा नका टाकू. आकडा टाकला का मंग कागदं येतान, शिबिरं येतान, पोरांना घेऊन तुमालाच जावं लागंल. निरंक लिवा न मोकल्या व्हा." मुख्याध्यापकांचंही तेच. हात दाखवून अवलक्षण कशाला? त्यामुळे दर जुलैमध्ये एक तक्ता टेबलावरून टेबलावर फिरतो आणि सगळ्या शाळेत एकही मूल सापडत नाही. मला तर त्या रकान्यावर अर्धं मिनिटसुद्धा लागत नसे. सानिका नववीत असताना मी 'निरंक' लिहिलं. ती दहावीत गेली, वर्ग पुन्हा माझ्याकडेच आला. तेव्हाही लिहिलं. अक्षर छान होतं.

जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा झाली. मराठीत सानिकाला ऐंशीपैकी चौदा. शाळा सुटल्यावर मी तिला स्टाफरूममध्ये थांबवून घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी तिला रडवायचंच असं ठरवून मी बसले होते. निकाल खाली आला तर मुख्याध्यापक मलाच बोलणार होते. मी प्रश्नपत्रिका उचलली आणि म्हटलं, "चल, तोंडी सांग. बघू काय दिवे लावतेस."

एका उताऱ्यात घर कायमचं सोडून चाललेली एक बाई होती. ती दाराला कुलूप लावते, चार पावलं जाते, परत येऊन कुलूप ओढून बघते. ती असं का करते, असा प्रश्न होता. पन्नास मुलांनी लिहिलं होतं की तिला घराची काळजी होती. उत्तरसूचीतही तेच होतं. सानिका म्हणाली, "मॅडम, तिला वाटत होतं, कुलूप नीट लागलेलं नसावं. म्हणजे तिला परत आत जाता आलं असतं."

मी उत्तरसूची बाजूला ठेवली. मग पुढचा प्रश्न वाचला, त्याच्या पुढचा. मी विचारत गेले, ती सांगत गेली, आणि मी शेजारच्या कागदावर गुण मांडत गेले. सदुसष्ट झाले.

"हे लिहिलं का नाहीस मग?"

"लिहायला गेले की अक्षरं सापडत नाहीत, मॅडम. मी शोधेपर्यंत वाक्य निघून जातं."

"कधीपासून असं होतंय?"

"पहिल्यापासूनच." ती थोडी गोंधळली. "मला वाटायचं सगळ्यांचंच असं होतं. बाकीचे जास्त अभ्यास करतात म्हणून त्यांना जमतं."

नऊ-दहा वर्षं ही मुलगी या समजुतीत शाळेत येत होती. तिचा नमस्कार, तिच्या वेण्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात तिनं एकटीनं पेललेलं सूत्रसंचालन, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ते सूत्रसंचालन पाहून मीच म्हणाले होते, "तोंडानं पुढे, वहीत मागे." मी त्या दिवशी घरी जाऊन माळ्यावरची पेटी काढली. माझ्याच अक्षरात सगळं होतं. लक्षण पहिलं, लक्षण दुसरं. तोंडी उत्तरे उत्तम, लेखनात मात्र… प्रत्येक ओळीत सानिका बसली होती. मी ते पान टराटरा फाडलं. त्यानं काय होणार होतं? पण फाडलं.

दुसऱ्या दिवशी मी बुवापाड्याला तिच्या घरी गेले. दारात सायकल, आत अर्ध्या खोलीत जीन्सचा ढीग. सानिकाची आई उल्हासनगर कॅम्प पाचच्या एका कारखान्यातून शिवलेल्या जीन्स आणून त्यांचे लोंबणारे धागे कापायचं काम करते, सानिकाही शाळेतून आली की तिच्यासोबत बसते. त्या निळ्या बोटांचा उलगडा मला तेव्हा झाला. शाईचा संबंधच नव्हता. मला दारात बघून आई उठली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "काय केलं हिनं?" बाई घरी आली म्हणजे मुलीनं काहीतरी केलंच असणार. आम्ही आईबापांना हीच सवय लावून ठेवली आहे.

मी समजावून सांगत होते तेवढ्यात कारखान्याची मालकीण भाभी माल न्यायला आली. सिंधी बाई, बोलण्यात धडाका. आमचं अर्धंमुर्धं ऐकून ती मधेच म्हणाली, "ये लडकी फेल? मॅडम, किस लॉट में कितने पीस, कौनसा साइज, कौनसा डिफेक्ट, सब इसके भेजे में रहता है. मैं लिख के रखती हूँ फिर भी इसको पूछती हूँ." सानिका खाली मान घालून धागे कापत होती. कान मात्र लाल झाले होते. वर्गात तिचे कान लाल झालेले मी कधी पाहिले नव्हते. तिथे तिला कुणी असं काही म्हणालंच नव्हतं.

भाभी गेल्यावर आईनं हळूच विचारलं, "मॅडम, कागदावर अपंग लिहितील का हो? उद्या हिच्या लग्नाचं बघायचं झालं तर?" त्या प्रश्नावर मी आधी तडकले. मग वाटलं, त्यांचं घर, त्यांचे पाहुणे, त्यांना ठाऊक. चार दिवस गेले त्यांचं मन वळवायला. सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत हिला लेखनिक मिळेल, ही सांगेल आणि खालच्या वर्गातली मुलगी लिहील, वेळही जास्त मिळेल, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी आई म्हणाली, "मिळेल ना नक्की?"

"मिळेल," मी म्हटलं.

हा शब्द मी दिला होता. तो पाळणं माझ्या हातात नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी माझ्या आयुष्यात घालवलेले सगळ्यात संतापजनक आठवडे. मोठ्या सरकारी रुग्णालयात तपासणीची तारीख मिळाली ती परीक्षेनंतरची. आधी डोळे, मग कान, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखनाची, प्रत्येकाची वेगळी खेप. मग कुणीतरी सुचवलं की शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसात अर्ज द्या, तात्पुरती परवानगी मिळाली तर मिळेल. मी नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून ठरवूनही टाकली. अर्ज लिहिला, मुख्याध्यापकांची सही कशीबशी मिळवली आणि सानिकाला आणि तिच्या आईला घेऊन त्या ऑफिसात गेले.

तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, अर्ज वाचला, कपाटातून एक फाईल मागवली. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, तुमच्या शाळेची माहिती तर दरवर्षी निरंक आहे. नववीत निरंक. दहावीतसुद्धा निरंक, गेल्याच जुलैमध्ये. मग सहा महिन्यांत मुलीला हे झालं कसं?" त्यांनी तो तक्ता माझ्याकडे वळवला. "खाली सही तुमचीच ना?"

माझीच होती. नावाखाली रेघ मारायची माझी सवयही तिथे होती.

"सर, ती पद्धत आहे. सगळेच तसं लिहितात."

"मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? परीक्षा जवळ आली की हे अर्ज येतातच. आजकाल सगळ्यांनाच सवलत हवी असते." अर्ज त्यांनी परत माझ्यापुढे सरकवला. ते चिडून बोलले नाहीत, रोजचं काम करावं तसं बोलले. आणि सानिका तिथेच खुर्चीच्या कडेला बसून सगळं ऐकत होती. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात राहतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "निरंक म्हणजे काय, मॅडम?" मी सांगितलं. सानिका म्हणाली, "म्हणजे आमच्या वर्गात असं कुणीच नाही, असं मॅडमनी लिहून दिलंय." इतकं स्वच्छ, एका वाक्यात. मी असते तर परिच्छेद लिहिला असता.

मार्च लागला. शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा नुकतीच उठली होती. वालधुनी नदीच्या काठानं उसाची चिपाडं आणि फुग्यांची रबरं पडलेली. टेकडीच्या बाजूला काटेसावर उघड्यावाघड्या फांद्यांवर लालभडक फुललेली. मला एरवी हे झाड आवडतं, त्या वर्षी त्याच्याकडे बघवेना. मराठीचा पहिला पेपर. केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची गर्दी, लिंबू सरबताच्या बाटल्या, अंगारा, आणि शेवटच्या मिनिटाला डोकं खुपसलेली गाइडं. सानिकाच्या हातात काहीच नव्हतं. तिला शेवटच्या मिनिटाला वाचून काय उपयोग होता? मी सुट्टी टाकून गेले होते. तिच्या आईच्या बाजूला उभी राहिले, तीन तास. आम्ही दोघी एकमेकींशी उन्हाबद्दल बोललो.

पेपर सुटला. मुलं प्रश्नपत्रिका फडकावत, "अरे पहिला प्रश्न सोपा होता यार" करत बाहेर आली. सानिका सगळ्यांत शेवटी आली. डोळे कोरडे होते. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, "मॅडम, मला सगळं येत होतं."

बस, एवढंच. मग आईच्या हातातली बाटली घेऊन ती घटाघटा पाणी प्यायली.

निकालात ती तीन विषयांत नापास झाली. मराठीत सुद्धा. आणि निकालानंतर दोन आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं. बैल गेला आणि झोपा केला. मी ते घरी नेऊन दिलं. त्यात लिहिलं होतं की मुलीला विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तिची बुद्धी सरासरीपेक्षा वरची आहे. मी आईला वाचून दाखवलं. तिनं मला ती दुसरी ओळ परत वाचायला लावली.

"म्हणजे ही मुद्दाम करत नव्हती?"

"नाही."

आईनं कागद माझ्या हातातून घेतला. "नववीच्या सहामाहीला तुम्ही मला बोलावून सांगितलंत, डोकं आहे पण आळशी आहे, घरी लक्ष द्या. मी दिलं लक्ष, मॅडम. लाटण्यानं दिलं."

सानिका चटकन म्हणाली, "जाऊ दे ना आई." आजही कधी कधी पोळ्या लाटताना माझा हात थांबतो.

गेल्या महिन्यात आम्हाला याच विषयाचं प्रशिक्षण होतं. सभागृह, थंड समोसे आणि पडद्यावर रंगीत चौकोन. मुलांच्या वाढीचे टप्पे, शिकण्याच्या उपपत्ती. घंटेचा कुत्रा आता हलणारं चित्र होऊन आला होता, प्रगती म्हणायची ती एवढीच. प्रशिक्षक तरुण होता, वर्गावर फारसा गेला नसावा, उंटावरून शेळ्या हाकत होता. त्यानं विचारलं, "अध्ययन अक्षम मुलांची लक्षणं सांगा बरं." आणि सगळं सभागृह खणखणीत आवाजात म्हणालं. एकूण एक लक्षण सगळ्यांना पाठ. मी उठून विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांनी यंदा तक्त्यात निरंक लिहिलं?" हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, जेवणाची वेळ झाली." हात एकही वर आला नाही, आणि समोसे मात्र संपले.

मी यंदा जुलैमध्ये तीन लिहिलं होतं. नववी ब, अध्ययन अक्षमता, तीन. म्हात्रेभाऊ आता निवृत्त झाले आहेत, नवीन क्लार्क मुलगी आहे, तिनं तक्ता परत आणून दिला. "मॅडम, बाकी सगळ्या वर्गांचं निरंक आहे. तुमचंच वेगळं दिसतं. सर म्हणाले, दुरुस्त करून द्या." मी भांडले. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आवाज चढवला. ते म्हणाले, "तुम्ही काय डॉक्टर आहात?" तो तक्ता माझ्या सहीशिवायच वर गेला, त्यात काय लिहून गेला मला माहीत नाही. मग गणपती आले, सहामाही आली, निवडणुकीची कामं आली, आणि मी दमले. दमले असं मी सगळ्यांना सांगते.

सानिकाचं मात्र मी सोडलं नव्हतं. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मी तिच्या घरी जाते आणि म्हणते, जुलैच्या परीक्षेला बस. सर्टिफिकेट आहे, लेखनिक मिळेल, मी स्वतः सोबत येईन. दर वर्षी ती 'बघते' म्हणते. आता एकोणीस वर्षांची आहे. भाभीच्या कारखान्यात मालाची तपासणी बघते, तिच्या हाताखाली दोन बायका आहेत. गेल्या रविवारी मी पुन्हा गेले. आईनं चहा टाकला. भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी एक नवीन चौकट होती. मला वाटलं कुणाचं बक्षीस असेल. जवळ जाऊन बघितलं तर ते सर्टिफिकेट. लोक दहावी-बारावीची मार्कशीट लॅमिनेट करतात, हिनं हे करून लावलं होतं.

"यंदा तरी बस गं," मी म्हटलं. "तीनच विषय राहिलेत. तोंडानं सांगायचं आहे फक्त. तू सहज पास होशील."

"आणि नाही झाले तर?"

"होशील."

"मॅडम, नाही झाले तर?" तिनं भिंतीकडे बघितलं. "आत्ता तिथे लिहिलंय की मी ढ नाही. परत नापास झाले तर ते पण खोटं ठरेल. ऑफिसातले साहेब म्हणाले होते ना, सगळ्यांना सवलत पाहिजे असते. नको मॅडम. माझं बरं चाललंय."

मी तिला समजावलं. एका परीक्षेनं कागद खोटा ठरत नाही, वगैरे. ती ऐकत राहिली, मोठ्या माणसानं लहानाचं ऐकावं तशी. मग म्हणाली, "यंदा तुमच्याकडे कुठला वर्ग आहे?"

"नववीच. ब."

"माझ्यासारखं आहे कुणी?"

"तिघं आहेत. दोन मुलगे, एक मुलगी."

"नववीत म्हणजे वेळ आहे त्यांना अजून," ती म्हणाली. "त्यांना सांगितलंत?"

मी चहाचा घोट घेतला. मुख्याध्यापक कसे म्हणाले, तक्ता कसा परत आला, ते सांगायला लागले.

"ते नाही, मॅडम. त्यांच्या आयांना सांगितलंत का, की पोरं मुद्दाम करत नाहीत म्हणून?"

त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. तक्ता लागत नव्हता, सही लागत नव्हती. शाळेला सुट्टी लागायला अकरा दिवस उरले होते, आणि तिघांपैकी एकाच्याही आईला मी अजून बोलावलं नव्हतं.